लिहिलेले पुन्हा लिहिताना

आपले लेखन दुसऱ्याला वाचून दाखवण्याची हौस बहुतेकांना असते. तेच लेखन एकांतात, परक्याच्या नजरेने वाचण्याची तयारी फार थोड्यांची असते. शाळेत 'लेखन तपासणे' या शब्दांचा अर्थ ऱ्हस्व-दीर्घ पाहणे, अनुस्वार देणे, विरामचिन्हे जागच्या जागी आहेत की नाहीत हे बघणे, एवढाच होऊन बसला आहे. हे काम आवश्यक आहे, यात शंका नाही. पण अंगण कितीही स्वच्छ झाडले तरी घराची कललेली भिंत सरळ होत नाही. स्वतःच्या निर्मितीची दुरुस्ती ही त्या भिंतीशी संबंध असलेली गोष्ट आहे. ती इतकी अवघड का असते, याचा विचार आपल्याकडे, आणि पाठ्यपुस्तकांतून तर विशेषच, पुरेसा झालेला नाही.

जयपूर शहरात आदर्श नगर नावाची वस्ती आहे. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या अनेक कुटुंबांनी येथे नव्याने संसार मांडले. पंजाबी, सिंधी, हिंदी, मारवाडी अशा भाषा तेथे शेजारी शेजारी नांदतात. अशा वस्तीत नोकरीच्या निमित्ताने येऊन स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने मुक्त विद्यालयाच्या अभ्यासक्रमात मराठी विषय घेतला आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. रोज समोर उभे राहून शिकवणारे शिक्षक नाहीत. स्वाध्याय लिहायचा तो स्वतः, आणि पाठवण्यापूर्वी तपासायचा तोही स्वतःच. 'माझी आजी' या विषयावर तिने एका रात्रीत चार पाने लिहून काढली. आजीची काठी, आजीची जपमाळ, तिच्या हातची पुरणपोळी, सारे काही त्यात आले. त्यात एक वाक्य असे उतरले : 'आजीची शिक्षा चौथीपर्यंत झाली.' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. शुद्धलेखनाच्या नियमांनी पाहिले तर या वाक्यात एकही चूक नाही. तरीही वाक्य सपशेल फसले आहे, आणि तीन वेळा वाचूनही मुलीला ते दिसत नाही.

दिसत नाही, कारण ती कागदावरचे वाक्य वाचतच नाही. मनात जे होते तेच ती पुन्हा वाचते. लेखकाची खरी अडचण येथूनच सुरू होते. वाचकासमोर केवळ शब्द असतात. लेखकासमोर शब्दांच्या मागचे सारे घर असते. 'आजी फार प्रेमळ होती' एवढे चार शब्द लिहिले की लिहिणारीच्या डोळ्यांपुढे आजीच्या लुगड्याचा वास, तिचा खरखरीत हात, उन्हाळ्यातील ओसरी, हे सर्व उभे राहते आणि वाक्य भरलेले वाटू लागते. वाचकाला मात्र ते रिकामेच मिळते. कारण प्रेमळ आजी सर्वांच्याच निबंधात असते. लेखकाला आपल्या लेखनातील उणीव दिसत नाही ती आळसामुळे नव्हे. ती उणीव त्याची स्मृती तत्परतेने भरून काढते.

म्हणूनच दुसऱ्याचे लेखन सुधारणे तुलनेने सोपे जाते. त्या कामातही संयम लागतो, हे संत एकनाथांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत काळाच्या ओघात पाठभेद शिरले होते, नकला करणाऱ्यांनी पदरच्या ओव्याही घातल्या होत्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, नाथांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात आपली भर घालू नये, अशी स्पष्ट ताकीदही दिली. नाथ स्वतः समर्थ कवी होते. मनात आणले असते तर एखादी ओवी अधिक सुबक करणे त्यांना कठीण नव्हते. पण ग्रंथ ज्ञानेश्वरांचा होता आणि तेथे नाथांचा हात आपोआप थांबत होता. स्वतःच्या लेखनाच्या बाबतीत असा हात थांबवणारा कोणी नसतो. लेखक तेथे मालक असतो, कारागीर असतो आणि परीक्षकही तोच असतो. मालकाला काही टाकवत नाही, कारागिराला काही सोडवत नाही. या दोघांच्या ओढाताणीत परीक्षकाचे म्हणणे ऐकू येणे दुरापास्त होते.

एकदा घडवलेली गोष्ट मोडून पुन्हा घडवण्याची वेळ केवळ लेखकावरच येते असे नाही. आदर्श नगरची मुलगी ज्या शहरात राहते, त्याच शहराचे नाव मिरवणारी एक गायकी महाराष्ट्राच्या मातीत वाढली. या जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ मध्ये जयपूर संस्थानातील उनियारा येथे झाला. ऐन उमेदीच्या काळात अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला. पुढे तो परत आला, पण पूर्वीचा राहिला नव्हता. त्यातील मार्दव आणि सहजता ओसरली होती. जुन्या आवाजासाठी बेतलेले गाणे या नव्या आवाजात तसेच्या तसे गाणे, म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा घालून मिरवण्यासारखे झाले असते. खाँसाहेबांनी गाण्याची मांडणीच बदलली. लयीशी घट्ट बांधलेला आलाप, वळणावळणाची, पेचदार तान, अनवट रागांचा ध्यास, अशी एक नवी, बुद्धिप्रधान गायकी त्यातून आकाराला आली. पुढे कोल्हापूरला छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने ती स्थिरावली आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांनी तिला कीर्ती मिळवून दिली. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांचाही आवाज तारुण्यात काही काळ गेला होता. त्या काळातील चिंतनानंतर त्यांनी घराण्याच्या चौकटीचाच पुनर्विचार केला, हे जाणकारांना ठाऊक आहे.

तथापि गायकाला एक सवलत मिळते, जी लेखकाला मिळत नाही. काल गायिलेला राग कालच विरून गेला; आज तंबोरा जुळवला की कोऱ्या शांततेतूनच आरंभ करावा लागतो. लेखकाचा पहिला खर्डा मात्र टेबलावर पडलेला असतो. तो डोळ्यांसमोर असतो, वळणदार अक्षरात असतो, आणि आपण पूर्ण झालो आहोत असा त्याचा दावा असतो. पुनर्लेखनाला बसलेला माणूस मग शब्द बदलतो, विशेषणे हलवतो, दोन वाक्यांचे एक करतो. पण मूळ आखणीला हात लावण्याचे त्याच्या मनातही येत नाही. जे लिहून झाले आहे तेच पुन्हा लिहिण्याच्या मार्गात उभे राहते.

हा अडथळा दैवयोगानेच दूर झाल्याचे एक उदाहरण आहे. अरुण कोलटकर यांनी जेजुरीच्या भेटीवरून इंग्रजीत लिहिलेल्या कवितांचे मूळ हस्तलिखित एका अल्पायुषी नियतकालिकाच्या कारभारात हरवले. कोणत्याही कवीचा धीर खचावा असाच हा प्रसंग. कोलटकरांनी पुढे काही वर्षांनी त्या कविता पुन्हा लिहून काढल्या. १९७४ मध्ये त्या एका वाङ्मयीन त्रैमासिकात आल्या, १९७६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि १९७७ मध्ये त्यांना राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. पहिली 'जेजुरी' अधिक चांगली होती की दुसरी, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोयच उरलेली नाही. पण इतके निश्चित म्हणता येते की दुसऱ्यांदा लिहिताना कवीसमोर जुन्या ओळी नव्हत्या. समोर होते ते देवस्थान : पडकी देवळे, दगडांचे देव, पुजारी, भटकी कुत्री, रेल्वे स्टेशन. जे आठवणीतून गळून गेले ते गळण्याच्याच लायकीचे असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र त्यात पुरते सत्य नाही. स्मृती चांगल्या गोष्टीही हरवते. हस्तलिखित हरवणे हा कोणी सुचवावा असा उपाय नव्हे. त्यातील घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की पुन्हा लिहिणाऱ्याने जुन्या वाक्यांकडे पाहण्याआधी ज्या वस्तूवर ती लिहिली त्या वस्तूकडे पुन्हा पाहावे.

कोलटकर प्रकाशनाच्या बाबतीत घाई करणारे नव्हते. १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह आल्यानंतर 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' वाचकांच्या हाती पडण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. मराठी 'जेजुरी' तर त्यांच्या निधनानंतर, २०११ मध्ये आली.

याच्या नेमके उलट उदाहरण हवे असेल तर एका अशा कवीकडे वळावे लागते, ज्याच्याजवळचे कागद हरवले नाहीत. उलट वाढतच गेले. आदर्श नगरच्या मुलीप्रमाणेच घरात मराठी आणि बाहेर हिंदी अशा वातावरणात हा कवी वाढला. गजानन माधव मुक्तिबोध यांचे घराणे मूळचे खानदेशातील जळगावकडचे. पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात येऊन राहिले. १९१७ मध्ये श्योपूर येथे त्यांचा जन्म झाला. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील नामवंत कवी व समीक्षक झाले. थोरल्या बंधूंनी लेखनासाठी हिंदी निवडली. उज्जैन, इंदूर, नागपूर, राजनांदगाव असा त्यांचा जीवनप्रवास शिक्षकी पेशा, पत्रकारिता आणि कायमची आर्थिक ओढ यांत झाला. आणि या सर्व काळात ते आपल्या दीर्घ कविता पुन्हा पुन्हा लिहीत राहिले.

'अँधेरे में' ही त्यांची कविता आज आधुनिक हिंदी काव्यातील एक शिखर मानली जाते. तिचे काम १९५७ च्या सुमारास सुरू झाले आणि सुमारे पाच वर्षे चालले. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये 'कल्पना' मासिकात ती छापून आली, तेव्हा कवीला जाऊन दोन महिने झाले होते. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र संग्रह १९६४ मध्येच सिद्ध झाला. त्या वेळी मुक्तिबोध अखेरच्या आजारात होते आणि संग्रहाचे काम मित्रांना करावे लागले. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी त्यांची 'रचनावली' सहा खंडांत संपादित केली. ज्या कवीच्या हयातीत त्याच्या एकट्याच्या नावावर एकही कवितासंग्रह निघाला नाही, त्याचे लेखन सहा खंड भरेल इतके होते!

हे असे का व्हावे? मुक्तिबोधांनी 'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकात या प्रश्नाचा विचार केला आहे, आणि स्वतःच्या निर्मितीविषयी इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेले साहित्य आपल्याकडे विरळ आहे. 'तीसरा क्षण' या लेखात ते कलेचे तीन क्षण मानतात. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून अलग होतो आणि एखाद्या कल्पनाचित्रासारखा डोळ्यांपुढे उभा राहतो. तिसरा क्षण ते चित्र शब्दांत उतरवण्याचा. पण तो 'क्षण' म्हणण्यापुरताच, कारण तो कितीही लांबू शकतो. या तिसऱ्या टप्प्यात भाषा निमूटपणे हुकूम पाळत नाही. प्रत्येक शब्द स्वतःचे अर्थ, स्वतःची परंपरा घेऊन येतो आणि मूळ चित्रच बदलू लागतो. लिहून झालेली कविता ही मनातील चित्राची नक्कल राहत नाही. ती त्यापासून जन्मलेली, पण निराळी वस्तू असते. ज्यांना लेखनाची दुरुस्ती म्हणजे मनातल्या निश्चित आशयाला अचूक शब्द शोधणे असे वाटते, त्यांनी या विवेचनाकडे अवश्य लक्ष द्यावे. शब्द बदलला की आशय बदलतो. मग 'मला हेच म्हणायचे होते का?' हा प्रश्न प्रत्येक खर्ड्यापाशी नव्याने उभा राहतो.

त्याच पुस्तकात दीर्घ कवितेच्या शेवटाविषयीही त्यांनी लिहिले आहे. वास्तवाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि वास्तव सतत हालत असते, त्यामुळे आपल्या कविता लांबत जातात; ज्या लहान दिसतात त्या मुळात अपुऱ्या राहिलेल्या असतात, अशा आशयाची कबुली ते देतात. ही कबुली वाचताना मन अस्वस्थ होते. येथे दुरुस्तीच्या दुसऱ्या संकटाचे दर्शन घडते. पहिले संकट काहीच न बदलण्याचे. दुसरे, कधीच न थांबण्याचे. मुक्तिबोधांच्या सततच्या पुनर्लेखनामुळे 'अँधेरे में'सारखी कविता शक्य झाली, हे मान्य केले पाहिजे. त्याच सवयीमुळे ती पुस्तकात पाहण्याचे समाधान त्यांना लाभले नाही, हेही तितकेच खरे. यात केवळ स्वभावाचा दोष काढणे अन्यायाचे ठरेल. दारिद्र्य, बदलत्या नोकऱ्या, प्रकाशकांची उदासीनता यांचाही त्यात वाटा होता. १९६२ मध्ये त्यांच्या इतिहासविषयक पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली, तो आघात निराळाच. ज्याच्या हातात स्वस्थतेचा एक महिनाही सलग पडत नाही, त्याने कविता पूर्ण का केली नाही असे विचारणे सोपे असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो. प्रतिभेचा पहिला उद्गारच खरा. त्यावर हात फिरवला की त्यातील जिवंतपणा नाहीसा होतो, असे अनेकांना वाटते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही १९६३ मधील कादंबरी अवघ्या काही आठवड्यांत लिहून झाली, हा दाखला या मताच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केला जातो. दाखला खरा आहे. निष्कर्ष घाईचा आहे. कागदावर काही आठवड्यांत उतरलेली गोष्ट मनात किती वर्षे खोडली आणि लिहिली गेली, हे त्या आठवड्यांवरून कसे कळणार? आणि त्याच लेखकाच्या 'हिंदू' या कादंबरीसाठी वाचकांना २०१० पर्यंत वाट पाहावी लागली, हे सोयीस्करपणे विसरले जाते. तरीही आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे. दुरुस्तीने लेखन मारले जाऊ शकते. 'परीक्षकाला काय आवडेल', 'लोक काय म्हणतील' या धास्तीने फिरवलेला हात लेखनाचे टोकदार कोपरे घासून गुळगुळीत करतो. निबंध निर्दोष होतो आणि कोणाचाच राहत नाही. शाळेतील उत्तम गुणांचे अनेक निबंध असे असतात, हे कटू असले तरी सांगणे भाग आहे. 'मी काय पाहिले होते?' या प्रश्नासाठी केलेली दुरुस्ती आणि भीतीपोटी केलेली दुरुस्ती बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत खोडाखोड तेवढीच असते. फरक लिहिणाऱ्यालाच माहीत असतो.

आदर्श नगरच्या त्या मुलीने निबंध चार दिवस वहीत तसाच राहू दिला. पाचव्या दिवशी तिने तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. हा जुना आणि बिनखर्ची उपाय आहे. डोळे ज्या वाक्यावरून घसरून जातात, तेथे जीभ अडखळते. 'आजीची शिक्षा चौथीपर्यंत झाली' या वाक्याशी आई हसली. मुलीलाही चूक कळली. तिने 'शिक्षा' खोडले आणि वर 'शिक्षण' असे लिहिले. शिक्षकांनी तपासली असती तर तपासणी येथे संपली असती.

परंतु खोडलेला शब्द तिला सुचेना-से करून बसला. आजीचे शिक्षण चौथीपर्यंत झाले, मग पाचवीत काय झाले? तिला शाळेतून काढले कोणी? ती रडली होती का? चार पानांत याविषयी एक अक्षर नव्हते. आजी पोथी वाचताना एकेका ओळीवर बोट ठेवून का थांबत असे, नातीच्या वह्या पुन्हा पुन्हा उघडून का पाहत असे, हे सारे मुलीने पाहिले होते. लिहिताना मात्र पुरणपोळीच तेवढी आठवली होती, कारण आजीवरच्या निबंधात पुरणपोळी असते हे तिला आधीपासून ठाऊक होते. पुरणपोळीचा परिच्छेद चांगला उतरला आहे. त्यातील एका वाक्यावर तिचा फार जीव आहे. तो ठेवला तर निबंध जसा आहे तसाच राहणार. काढला तर पाऊण पान रिकामे होणार, आणि तेथे काय लिहायचे ते अजून तिला माहीत नाही.

स्वाध्याय पाठवण्यास आठवडा उरला आहे. आजी आता नाही. आई मात्र आतल्या खोलीत आहे, आणि आजीची शाळा का सुटली हे तिला ठाऊक असावे.